आमची कुरूप नात

सगळे हसून झाले आणि मग मी हसलो. तोवर जावयाच्या सातमामांनी तोंड पुसून पुढचा घास घेतला होता. माझ्या एकट्याचं हसणं ऐकून ते दचकले, माझ्याकडे बघत राहिले, आणि पुन्हा सगळे हसले. या वेळी मात्र कशाला हसतायत ते मला बरोबर कळलं.

ही गोष्ट व्हिएतनाममधल्या सा देक गावातली. मेकाँग नदीच्या फाट्यांमध्ये वसलेलं हे गाव फुलांच्या शेतीवर जगतं. माझी मुलगी वृषाली तिथे बाळंतीण झाली होती. तिचा नवरा थिन्ह मूळचा तिथला. पुण्यात एकाच ऑफिसात असताना दोघांचं जुळलं, लग्न झालं, आणि दोघं सायगॉनला नोकरीला गेले. बाळंतपणासाठी सासूबाईंनी सुनेला गावी आणलं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माहेरी होतं कोण? शालन, माझी बायको, आधीच देवाघरी गेली होती. तेव्हा माहेरच उठून सासरी गेलं. माहेर म्हणजे मी, धोंडीराम चौगुले, एसटीच्या गडहिंग्लज आगारातला निवृत्त कंट्रोलर. सोबत डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि शालनची चांदीची काजळाची डबी.

डबी पहिल्याच दिवशी परत बॅगेत गेली. "आप्पा, डॉक्टरांनी काजळ नको म्हणून सांगितलंय," वृषाली म्हणाली. बाळंतिणीशी कोण वाद घालणार?

तर त्या दुपारी आम्ही चटईवर जेवायला बसलो होतो. मधोमध मोठं ताट, भोवती थिन्हचे मामे, मावश्या, शेजारीपाजारी. जेवणं उरकत आली तशी विहीणबाई बाळाला घेऊन बाहेर आल्या. त्यांचं नाव लान्ह. अंगानं किरकोळ, आवाज मात्र पलीकडच्या काठावर पोचणारा. त्यांनी नातीला सगळ्यांसमोर धरलं, तिच्या नाकाला नाक घासलं आणि म्हणाल्या, "साऊ! किती साऊ गं बाई ही!"

साऊ म्हणजे कुरूप. फोनवरच्या धड्यात सुंदर बाईच्या शेजारी वाकड्या तोंडाच्या बाईचं चित्र होतं, त्याखाली हा शब्द होता. माझा अगदी पाठ होता.

"बाजारात नेली तर हिच्या बदल्यात बदकसुद्धा मिळायचं नाही," सातमामा म्हणाले. बाजार आणि बदक हेही माझ्या धड्यात होते.

सगळे खो खो हसले. या खेपेला मला शब्दन् शब्द कळला होता आणि मी हसलो नाही. मी वृषालीकडे पाहिलं. ती दाराशी खुर्चीत पायांवर पांघरूण घेऊन बसली होती. तीही हसत होती, जरा मान खाली घालून.

ते हसू माझ्या ओळखीचं होतं.

वृषाली माझ्या वळणावर गेली आहे, रंगासकट. लग्नाच्या वयाची झाल्यावर आमच्या घरी पोह्यांच्या किती बश्या धुतल्या गेल्या ते शालनलाच ठाऊक. माणसं यायची, पोहे खायची, शिक्षणाचं कौतुक करायची, आणि चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप यायचा. एकदा तर मुलाची आत्या पोरीच्या समोरच बोलली, "नाकीडोळी झ्याक हाय हो, पर रंगात मार खाल्ला." वृषालीनं मान खाली घालून असंच हसून घेतलं होतं आणि रिकाम्या बश्या उचलून आत गेली होती. माझ्यासारखा बोलघेवडा माणूस, पण त्या बाईला उत्तर द्यायला मला तोंड फुटलं नाही. ते अजून सलतं.

बोलघेवडा हे मी उगाच म्हणत नाही. आगारात माझं नाव होतं. विभागीय अधिकाऱ्यांपासून पेंगणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत कुणाचीही नक्कल मी हुबेहूब करायचो. गल्लीतलं लग्न माझ्याशिवाय व्हायचं नाही, कारण व्याह्यांची फिरकी घ्यायचं खातं माझ्याकडे असायचं. माझ्या नावावरून लोक हसण्याआधी मीच हसायचो. "धोंडीराम म्हणजे दगड. लाथ मारा, तुमचाच पाय दुखंल," असं सांगून समोरच्याला गप्प करायचो.

आणि असा मी, सा देकच्या चटईवर, सगळ्यांच्या मागून हसणारा खुळा म्हणून बसलो होतो. जायचं ठरल्यापासून सहा-सात महिने मी त्यांची भाषा शिकत होतो. हनोईची एक तरुण मास्तरीण फोनवर शिकवायची. पण हनोई पडलं पार उत्तरेला आणि सा देक दक्षिणेला. मी तोंड उघडलं की सातमामा म्हणायचे, "चला, बातम्या लागल्या!" कारण माझे उच्चार म्हणे रेडिओवरच्यासारखे होते. त्यांचे विनोद मला कळायचे नाहीत आणि माझे विनोद माझ्या तोंडून वेळेवर निघायचे नाहीत. शब्द जुळवून होईपर्यंत विषय बदललेला असायचा. एक 'सुई' तेवढा शब्द पहिल्या फटक्यात पाठ झाला होता. सुई म्हणजे व्याही. विहीणबाई मला तशीच हाक मारायच्या, आणि तेव्हा तो टोचायचाच.

बाईंच्या कामाचं मात्र कौतुक करायला हवं. वृषालीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, अंगाला हळद, जेवायला कच्च्या पपईचं कालवण. मी डिंकाचे लाडू वळले तेव्हा त्यांनी एक हुंगला, चाखला आणि उरलेले डब्यात घालून डबा स्वतःच्या ताब्यात घेतला. रोज सकाळी मोजून एक सुनेला द्यायच्या आणि अर्धा आपण खायच्या. शालन असती तर दोघींचं चांगलं जमलं असतं, असं वाटायचं. आणि तेवढ्यात बाई बाळाला उचलायच्या आणि म्हणायच्या, "कसलं हे ध्यान! साऊ!"

एकदा त्यांच्याबरोबर होडीतून फुलांना पाणी घालायला गेलो. तिथे फुलझाडांच्या कुंड्या पाण्यावर बांधलेल्या मांडवांवर ठेवतात आणि होडीतून फिरून त्यांची निगा राखतात. शेवंतीच्या कळ्या धरल्या होत्या, नव्या वर्षाच्या बाजारासाठी. मी म्हटलं, जरा घरगुती बोलावं. तिथे घरात मुलांना जन्माच्या क्रमानं हाक मारतात, पण मोजणी सुरू होते दोनपासून. थोरल्याला 'दोन', त्याच्या पाठच्याला 'तीन'. 'एक' कुणीच नाही. सातमामा हे असे सहावे. मला ही सगळी थट्टाच वाटायची. थिन्हला घरात 'तीन' म्हणायचे, आणि भावंडं तर त्याला नव्हती.

"विहीणबाई," मी माझ्या रेडिओच्या भाषेत विचारलं, "थिन्ह तीन. मग दोन कुठे आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. होडी वल्ह्यानं पुढे ढकलली आणि एका कुंडीतली पिवळी पानं खुडत राहिल्या. आपलं काहीतरी चुकलं हे कळलं, पण काय ते विचारण्याइतकी भाषा माझ्याकडे नव्हती.

त्या संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन बसलो. काळेभोर डोळे, कपाळावर केसांची झालर, रंग माझा. मुठीत माझं बोट इतकं घट्ट धरलं होतं की सोडवत नव्हतं. माझा जीव नुसता तुटत होता. आईला जे ऐकावं लागलं ते हिला पाळण्यातच ऐकावं लागतंय, आणि तेही घरच्यांकडून! ही मोठी होईल, भाषा शिकेल, मग काय होईल?

"वृषे," मी म्हटलं, "म्हयना भरला की चल माझ्यासंगं. चार-सा म्हयनं गडहिंग्लजला ऱ्हा. पोरीला घिऊन."

"असं मधेच काय काढलंत आप्पा?"

"मधेच कशाला? लेकीनं बाळंतपणाला म्हायेरी यायचं आसतंय."

"बाळंतपण तर झालं. आणि इथं काय कमी आहे? आई किती करतात बघताय ना?"

"करत्यात की. न्हाई कुठं म्हणतोय?"

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "काय झालंय? खरं सांगा."

ओल्या बाळंतिणीसमोर तो शब्द उच्चारायचा माझा धीर झाला नाही. ती रोज ऐकत होती, गिळत होती, आणि तिनं गिळलेलं मी वर कशाला काढायचं?

"बघू," ती म्हणाली. हे 'बघू' तिच्या आईचं. त्याचा अर्थ नाही असाच असतो. पण मीही धोंडीराम. मनाशी पक्कं केलं की महिन्याच्या सणाला चार लोकांसमोर एकदाच बोलायचं, त्यांच्याच भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यानंतर लेकीला आणि नातीला घेऊन निघायचं. त्या आत्याबाईला जे उत्तर दिलं नव्हतं ते इथे द्यायचं.

मास्तरणीकडून वाक्यं तपासून घेतली. कशासाठी ते सांगितलं नाही. "व्याकरण उत्तम आहे आजोबा," ती म्हणाली. मग मी ती घोकत बसलो, न्हाणीघरात, होडीच्या धक्क्यावर, लाडू वळताना.

महिना भरल्याचा सण त्यांच्याकडे मोठा. बाळ घडवणाऱ्या बारा देवी असतात म्हणे. कुणी डोळे घडवते, कुणी हातपाय, कुणी हसायला शिकवते. आपली सटवाई बिचारी सगळं एकटीच बघते. त्या बारा जणींसाठी पाटावर बारा वाट्या मांडल्या होत्या. वाट्यांत तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे, आत मुगाचं पुरण, वरून आल्याचा पाक. पहाटेपासून अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पाकाचं मोठं पातेलं चढलं होतं, आणि विहीणबाई धुरानं लाल झालेले डोळे पुसत ढवळत होत्या. घर माणसांनी भरलं. वृषालीनं निळा झगा घातला होता आणि गळ्यात मंगळसूत्र. छान दिसत होती.

पूजा झाली. सातमामांनी शेवंतीचं एक फूल घेतलं आणि बाळाच्या तोंडावरून हळूहळू फिरवलं. हिच्या तोंडून फुलांसारखे शब्द निघोत, शेजारीपाजारी हिच्यावर माया करोत, असं काहीसं ते गात होते. बाळानं जांभई दिली. सगळे हसले आणि मीही बरोबरच हसलो, कारण जांभईला भाषा लागत नाही.

मग थिन्ह म्हणाला, "आता बाळाचे आजोबा दोन शब्द बोलतील. भारतातून आलेत."

मी उठलो. चष्मा काढून खिशात ठेवला. माणसांची तोंडं नीट दिसली नाहीत की मी बरा बोलतो, ही आगारातली सवय. बाळाला थिन्हच्या हातातून घेतलं, वर उचललं, आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "माझी नात सुंदर आहे! फार सुंदर आहे. सगळ्या गावात हिच्यासारखी सुंदर कुणी नाही. गुटगुटीत आहे, निरोगी आहे. बघा, किती जड आहे!"

एकही उच्चार चुकला नाही. मला वाटलं टाळ्या पडतील, किंवा निदान बायका खजील होऊन माना खाली घालतील. तसलं काहीच झालं नाही. घर चिडीचूप झालं. एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. कुणीतरी हळूच बाहेर थुंकून आलं. सातमामांच्या हातातलं फूल तसंच राहिलं. त्या घरात हसण्यात मी नेहमी मागे असायचो, आता गप्प होण्यातही सगळ्यांच्या मागे राहिलो. मी अजून एकदा "जड आहे" म्हणून मोकळा झालो.

विहीणबाईंच्या हातात वाट्यांचं तबक होतं. त्यांनी ते खाली ठेवलं. चेहरा पांढराफटक पडला होता. वळल्या आणि अंगणात धावल्या. धावल्याच, चालल्या नाहीत.

चला, लागलं एकदाचं वर्मी, असं मला क्षणभर वाटलं. आणि लगेच वाईटही वाटलं.

दारातून मला अंगण दिसत होतं. बाई चुलीपाशी वाकल्या, पातेल्याच्या बुडाला अंगठा घासला आणि तशाच परत आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. माझ्या खांद्यालासुद्धा लागत नव्हत्या. त्यांनी टाचा उंचावल्या आणि माझ्या हातातल्या बाळाच्या कपाळावर तो काळाकुट्ट अंगठा ओढला, या भुवईपासून त्या भुवईपर्यंत. ओठ काहीतरी पुटपुटत होते.

तीट!

माझ्या डोळ्यांसमोर शालन उभी राहिली. वृषाली तान्ही असताना शेजारची कुणी "काय गोड गं" म्हणाली की शालन आपल्या डोळ्याच्या कडेचं काजळ बोटावर घ्यायची, पोरीच्या गालाला लावायची आणि शेजारणीला म्हणायची, "कसली गोड? माकड हाय माझं, माकड!" आणि तोंड फिरवून त्या माकडाचे मटामटा मुके घ्यायची. विहीणबाईंनी रोज तेच केलं होतं. आम्ही काजळानं लावतो ती तीट त्या घरातली माणसं तोंडानं लावत होती. मला कळलेला प्रत्येक विनोद म्हणजे या पोरीवरून ओवाळून टाकलेल्या मीठमोहऱ्या होत्या.

आणि हे मला कळू नये? माझ्याआधी माझ्या आईची दोन पोरं पाळण्यातच गेली. मी झालो तेव्हा आजीनं मला उकिरड्यावर ठेवलं, मूठभर कोंड्याच्या बदल्यात शेजारणीकडून परत विकत घेतलं आणि नाव ठेवलं धोंडीराम. दगडाला कोण नजर लावणार? जन्मभर ज्या नावावर मी विनोद केले ते नाव हाच केवढा मोठा विनोद होता! आणि दगडासारखा दगड मी, परक्या देशात येऊन त्याच विनोदावर रुसून बसलो होतो.

सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी करायला हवं होतं, आणि ताबडतोब. मास्तरणीनं तपासलेलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं.

मी बाळ विहीणबाईंच्या हातात दिलं. खिशातून चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसला, आमचे विभागीय अधिकारी पुसायचे तसा. डोळ्यांवर चढवला. वाकून बाळाकडे पाहिलं. आणि दचकून दोन पावलं मागे सरलो.

"अरे देवा," मी माझ्या रेडिओच्या भाषेत म्हटलं. "चुकलो. मघाशी चष्मा नव्हता. साऊ! फार साऊ!"

कुणीतरी खुसखुसलं.

मी पुन्हा वाकलो, एकदा बाळाकडे आणि एकदा विहीणबाईंकडे पाहिलं. "आता कळलं," मी म्हटलं, "थेट आजीवर गेलीय."

घर हशानं फुटलं! सातमामा तर चटईवर बसलेच. म्हातारी पदर नव्हता म्हणून बाहीनं डोळे पुसत होती. वृषाली पोट धरून "आप्पा, टाके ओढतायत, हसवू नका," असं मराठीत ओरडत होती. आणि विहीणबाई! आधी त्यांनी माझ्या दंडावर एक जोरदार चापट मारली, मग हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. काळा अंगठा डोळ्यांना लावून सगळं तोंड काळं करून घेतलं. त्या घरात त्या दिवशी मी पहिल्यांदा हशा घेतला. आयुष्यात पुष्कळ घेतले होते, पण एवढा गोड एकही नव्हता.

लोक पांगल्यावर विहीणबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. वृषालीला त्यांनी दुभाषी म्हणून बसवून घेतलं. 'दोन' कुठे आहे, ते त्यांनी सांगितलं. दोन म्हणजे मुलगी होती, थिन्हची थोरली बहीण. गोरीपान, गुटगुटीत. त्या वेळी विहीणबाई लहान होत्या, हौशी होत्या, पोरीला नटवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या, आणि जो तो म्हणायचा, काय सुंदर मुलगी! महिन्याच्या सणाआधीच तापानं गेली. तापच तो, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यानंतर त्यांनी थिन्हला कधी कुणाला सुंदर म्हणू दिलं नाही, आणि नातीला तर वाऱ्यालाही म्हणू दिलं नसतं.

"आणि तो मोजणीचा काय प्रकार?" मी विचारलं.

उत्तर सातमामांनी दिलं. "पहिलं पोर उचलून न्यायला कुणी आलंच, तर त्याला पहिलं सापडू नये. म्हणून आम्ही मोजतो दोनपासून. निदान माझा आजा तरी असं सांगायचा."

मी माझ्या नावाची गोष्ट सांगितली. उकिरडा, कोंडा, दगड. विहीणबाईंना भाषांतर पुरं व्हायच्या आतच कळली. त्यांनी दगडासाठीचा आपला शब्द विचारल्यासारखा उच्चारला, "दा?" मी मान हलवली. त्या नातीकडे बघून हसल्या. कागदोपत्री तिचं नाव माइ लान आहे, कुठल्या तरी सुंदर फुलांची नावं. पण त्या दुपारपासून घरात ती दा झाली. म्हणजे आमची धोंडी.

सगळे आत गेल्यावर वृषाली म्हणाली, "म्हणून मला घेऊन जायला निघाला होता होय? अहो, मला विचारायचं तरी!"

"तू मान खाली घालून हसत हुतीस, वृषे."

"मग?"

"त्या पोह्यांच्या टायमालाबी तू तसंच हसायचीस."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "तेव्हा रडू येऊ नये म्हणून हसायचे. आता आई बोलतात तेव्हा मला खरंच हसू येतं. मान खाली असते कारण मानेला हळद लावलेली असते, मागे टेकली की ती खुर्चीला पुसते." मग माझ्या सदऱ्यालाच नाक पुसत म्हणाली, "बाळाला कुणीतरी कुरूप म्हणावं म्हणून इतकी धडपडणारी सासू मला गडहिंग्लजमध्ये मिळाली असती का आप्पा?"

मी एकटाच परत आलो, आणि आनंदानं आलो. शालनची काजळाची डबी विहीणबाईंना देऊन आलो. डॉक्टरांचं त्यांना वृषालीनं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, डोळ्यात नको, कपाळावर लावू. सासूपुढे माझ्या लेकीचं काही चाललं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. रविवारी फोनवर आमची भेट होते. विहीणबाई आधी स्वतः समोर येतात, कपाळाला हात लावतात आणि म्हणतात, "सुई, पोरगी दिवसेंदिवस साऊ होत चाललीय. काय करावं?" मी विचारतो, "बदक मिळंल का?" त्या म्हणतात, "आता आपल्यालाच दोन बदकं वर द्यावी लागतील." मग मागून लांब वेणीची, सावळी, उंच धोंडी येते, आणि तिला बघून माझा रविवार गोड होतो.

गेल्या मे महिन्यात ती गडहिंग्लजला आली होती. शेजारच्या पाटलीणबाई बघायला आल्या, ओट्यावर सगळी गल्ली जमली होती. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, "आगं बया! काय देखणी हाय हो तुमची नात!"

माझा हात उगाचच खिशाकडे गेला. डबी तर सा देकला. पण त्याआधीच धोंडी पुढे झाली, डोळे तिरळे केले, गाल फुगवले आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "काकू, चष्मा लावून बघा."

गल्लीला कळायला जरा वेळ लागला. मी मात्र सगळ्यांच्या आधी हसलो.